टाकीखालून बघितलेलं घर

आमच्या गावात पाण्याची टाकी आहे. उंच, गोल, निळी. वर योजनेचं नाव, त्याखाली पुढाऱ्यांची नावं. तिच्यात पाणी अजून आलेलं नाही. पण ती बांधून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की तिच्या खांबांच्या मधोमध उभं राहिलं की मोबाइलला रेंज येते. बाकी गावात कुठेच येत नाही. म्हणजे टाकी अगदीच वाया गेली असं कुणी म्हणू नये. पाणी आलं नाही, रेंज आली. पूर्वी हंडे घेऊन जी गर्दी विहिरीवर व्हायची ती आता फोन घेऊन टाकीखाली होते, आणि भांडणं तेवढीच होतात. माझ्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली तीही ह्याच टाकीखाली.

मी मास्तरीण. नोकरी सगळी शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या बाजूला, आणि सासर मुरबाडकडचं. निवृत्त झाले आणि सासरच्या गावी येऊन राहिले. मुलगी लहान असतानाच तिचे वडील गेले. मी शाळेच्या गावी आणि पोर इकडे थोरल्या दिरांच्या खांद्यावर, असंच तिचं लहानपण गेलं. दिरांना घरात लहानथोर सगळे भाऊच म्हणतात. त्यांना स्वतःचं मूल नाही. भात लावताना ती बांधावर, भात झोडताना ती पेंढ्यावर, बाजाराला जाताना ती मानेवर. त्यामुळे तिने माझं नाक घेतलं आणि भाऊंचा हट्ट घेतला. माणसाने घ्यायला काय निवडावं ह्यात आपलं काही चालत नाही.

पोर शिकली, इंजिनीयर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथून नेदरलँड्सला गेली. तिथे तिला एक मुलगा आवडला. तिथलाच. गोरा, शांत, आणि उंचीला असा की आमच्या घरात शिरताना दर वेळी कपाळावर हात धरावा लागेल. मला तिने सांगितलं तेव्हा मी एकदा रडून घेतलं, मग विचारलं, खातो काय तो? झालं. माझ्याकडून होकार. पण ती म्हणाली, "आई, भाऊ हो म्हणाले तरच. नाहीतर मी नाही करणार."

"अगं, तू एवढी कमावती, साता समुद्रापलीकडे राहतेस, आणि होकार भाऊंचा?"

"तू काही बोल. भाऊ नाही म्हणाले तर नाही."

आता आली का पंचाईत! मी भाऊंना सांगितलं. ते गोठ्यात होते. ऐकून घेतलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "पोरगा कसा हाय ते ऱ्हाऊ दे. आदी घर बघायला लागंल."

आमच्याकडे हीच रीत. मुलीकडची माणसं आधी मुलाचं घर बघून येतात. विहीर कुठं, भात किती होतो, ओटीवर बसायला सांगतात की नाही, शेजारी तोंडावर काय बोलतात आणि पाठीमागं काय. मुलगा शेवटी बघायचा. मुलगा काय, लग्नानंतर बदलतोच. घर बदलत नाही.

"भाऊ, ते घर नेदरलँड्सला आहे."

"मग?"

भाऊ उभ्या जन्मात कल्याणच्या पुढे गेलेले नाहीत. कल्याणलाही गेले ते दाताला. मी म्हटलं, व्हिडिओ कॉलवर घर बघू. टाकीखाली बसून. त्यांनी बराच विचार केला आणि तयार झाले.

तिकडे पोरीने मुलाला सांगितलं, माझ्या घरच्यांना तुझं घर बघायचंय. तो बिचारा सरळ मनाचा. त्याला वाटलं तपासणी आहे. त्याने घराचा नकाशा पाठवला आणि सोबत एक दाखला. तिकडे म्हणे घरालाही ग्रेड असते, थंडीत ऊब किती टिकते त्याची. ह्या घराला 'सी' होती.

भाऊंनी विचारलं, "सी म्हंजे पास का नापास?"

मी आयुष्यभर पोरांचे पेपर तपासलेले. खोटं बोलवेना. म्हटलं, "पास."

"काठावर?"

"काठावर."

भाऊंनी नुसतं "हं" केलं. सुरुवातच अशी झाली.

घर बघायला तिघं बसली. भाऊ, माझ्या नणंदबाई म्हणजे वन्सं, आणि वन्संचे यजमान. हे यजमान भातसानगरला धरणावर नोकरीला होते. पाणी सोडायच्या दरवाज्यांवर. निवृत्त होऊनही त्यांच्या चालण्याबोलण्यातून ते धरण काही निवृत्त झालेलं नाही. आम्ही त्यांना धरणवालेच म्हणतो. सतरंजी अंथरली, खांबाला मोबाइल टेकवला. आजूबाजूला रेंजसाठी आलेलं निम्मं गाव स्वतःचे फोन कानाला लावून उभं, पण कान आमच्याकडे. मला आधीच राग येत होता. म्हटलं, तुमचं तुमचं बोला ना रे! कोणी हललं नाही.

स्क्रीनवर पोर दिसली आणि तिच्या डोक्याच्या वर मुलाचं डोकं. तो इंग्रजीत बोलणार, ती मराठीत सांगणार. त्याने वाकून नमस्कार केला. इतका वाकला की स्क्रीनमधून गेलाच. वन्सं म्हणाल्या, "गुणी दिसतोय." मी मनात म्हटलं, चला, पाव लग्न झालं.

मग त्याने जिना दाखवला. तिकडची घरं अरुंद आणि उभी. जिना असा सरळ की वर बघून चढायचं आणि उलटं होऊन उतरायचं. वन्सं पुढे सरकल्या. "ही शिडी कशाला? वर पेंढा ठेवलाय काय?"

"नाही आत्या, वर आम्ही झोपतो."

"शिडीवरनं?" वन्संनी तोंडाला पदर लावला. "पोटुशी बाई चढंल कशी गो?"

पोर लाल झाली. मुलाने विचारलं, काय म्हणाल्या? तिने सांगितलं, त्यांना जिना आवडला. मला तेवढं इंग्रजी कळतं.

मग दार उघडून त्याने बाहेर दाखवलं. दारात सायकल. त्याची सायकल, हिची सायकल, शेजाऱ्याची सायकल. भाऊंनी विचारलं, गाडी कुठंय? गाडी नाही. ऑफिसला? सायकल. पावसात? सायकल. साहेब कशावर येतो? साहेबही सायकलवर. गर्दीतून कोणीतरी चक् केलं. आमच्या गावात आता सायकल शाळेच्या पोरींकडे असते, आणि त्यांनाही लाज वाटते. भाऊ मला हळूच म्हणाले, "साहेबाचीच ही गत हाय मास्तरीणबाई, तं ह्याला पगार कोण देत असंल?"

वन्संना स्वयंपाकघर बघायचं होतं. स्वच्छ, पांढरं, चकाचक. "दुपारला काय केलंत?" मुलाने हौसेने दाखवलं. पाव आणि चीज. थंड. रोज? रोज. सगळेच? सगळेच, संपूर्ण देश. दुपारी कोणीच काही शिजवत नाही.

वन्सं सतरंजीवर मागे सरकल्या. आमच्या भाषेत ज्या घरी दुपारी चूल पेटत नाही त्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलतात. वन्संनी आवाज हळू केला. "देशातच चूल पेटत नाय गो. दुष्काळ असंल."

"अहो वन्सं, दुष्काळ कसला! ती रीत आहे त्यांची."

"गरिबीला सगळे रीतच म्हन्तात."

उचलली जीभ लावली टाळ्याला, पण टाळ्याला लागलेली जीभ कधी कधी बरोबर असते, म्हणून जास्तच चीड येते.

भाऊंचा प्रश्न आला, "सातबारा कुणाच्या नावावर?"

पोरीने विचारलं, त्याने सांगितलं. घर माझं आहे, पण त्याखालची जमीन नगरपालिकेची. अर्ध्या शहराचं तसंच आहे.

टाकीखाली फोनवर बोलणारेही थांबले. भाऊ म्हणाले, "अतिक्रमण."

"नाही भाऊ! ते भाडं भरतात जमिनीचं, कायदेशीर..."

"अतिक्रमणवाले पन दंड भरतात. अर्धं शहर अतिक्रमणात हाय म्हन्तो तो. उद्या बुलडोझर आला तं पोर कुटं जाईल?"

हे सगळं निस्तरता आलं असतं. मी निस्तरलंही असतं. पण आतापर्यंत गप्प बसलेल्या धरणवाल्यांनी घसा साफ केला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "घराच्या आसपास पाणी हाय का?"

मुलाचा चेहरा फुलला. पाणी हा त्यांचा अभिमानाचा विषय. तो हात उंच करून सांगायला लागला की समुद्र इथे वर आहे आणि आम्ही इथे खाली राहतो. बंधारे घालून आम्ही पाणी अडवून धरलंय.

पोरीने सांगितलं आणि धरणवाले सतरंजीवरून उभे राहिले. "पोरी, आदी त्या घरातनं भायेर पड!"

"अहो काका..."

"मी दरवाज्यावर जिंदगी काढली. धरणाच्या खालच्या अंगाला मानूस गुरं बांधत नाय. आन् ह्यांनी देश बांधलाय?"

त्यांना खाली बसवलं, पाणी पाजलं. मला वाटलं विषय बदलावा, म्हणून मीच घोळ केला. म्हटलं, त्यांच्या नळाला पाणी येतं की नाही ते विचारा. मला खात्री होती. ह्या एका बाबतीत तरी तिकडचं घर आमच्यापेक्षा उजवं ठरणार. आमच्याकडे धरण उशाला आणि कोरड घशाला. भाऊ म्हणाले, "हां, विचार. पानी कदी सुटतं?"

आमच्या भागात पाणी सुटतं. पहाटे सुटतं, एक दिवसाआड सुटतं, टँकर आला तर सुटतं, नाही सुटलं तर बायका सुटतात. पाणी सुटणं ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते पोरीला सुचेना. ती बिचारी तासाभरात दमून गेली होती. तिने शब्दाला शब्द लावून विचारलं. मुलगा एकदम गंभीर झाला. त्याला वाटलं, बंधारा कधी फुटला ते विचारतायत. तो हळू आवाजात उत्तर देऊ लागला आणि पोर जसंच्या तसं सांगत गेली.

"तो म्हणतो, त्याच्या आजोबांच्या वेळी सुटलं होतं."

"आन् मग?"

"त्यानंतर नाही सुटलं. पुन्हा कधी सुटू नये म्हणून त्यांचं सरकार रात्रंदिवस मेहनत घेतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. सतरंजीवर तिघंही एकमेकांकडे बघत होती. पाणी आज्याच्या टायमाला आलेलं, आणि परत येऊ नये म्हणून सरकार राबतंय! गर्दीतला एक जण म्हणाला, "आपलं सरकार बरं म्हनायचं." मी ओरडून समजावत होते, अहो, ते वेगळं पाणी, नळाचं पाणी वेगळं, ते चोवीस तास असतं! चोवीस तास म्हटल्यावर तर सगळे हसले. तेवढ्या एका गोष्टीवर कोणाचाच विश्वास बसला नाही.

कॉल संपला. भाऊंनी निकाल दिला. "पोरगा सोन्यासारका हाय. पन हलाखी हाय. शिडीचं घर, दारात सायकल, दुपारला चूल नाय, जागा सरकारी, पानी आज्याच्या वेळचं. आपली पोर तिकडं हाल काढायला कशाला धाडू?"

माझं डोकं फिरलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, तुमच्या गोठ्यातली म्हैस ज्या पाण्याने धुता ते मी डोक्यावरून आणलंय, आणि तुम्ही त्यांची हलाखी काढता? त्यांच्याकडे वीज जात नाही, दवाखाना आहे, बायका एकट्या कुठेही फिरतात. भाऊ खाली बघत ऐकत राहिले. संध्याकाळी पोरीने परत फोन करून विचारलं, "भाऊ नाही म्हणाले का?" मी म्हटलं, अजून नक्की नाही. ती म्हणाली, बरं. एवढंच, बरं. त्या शब्दाने माझं काळीज तुटलं. तिला मी ओळखते. ती आता कोणाशीच लग्न करणार नव्हती आणि कुरकुरही करणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंशी अबोला धरला. जेवायला वाढलं, पण ताट जरा जोरात ठेवलं. भाऊ अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "मास्तरीणबाई, आपन घर बघितलंच नाय."

मी न राहवून बोलले. "आणखी काय बघायचं राहिलं? कौलं मोजायची राहिली का?"

"वाट नाय बघितली. मदूनच घर दिसलं. आपन घर बघाया जातो ते भिंती बघाया नाय. वाट बघाया. पोरीला कायी झालं, कोनी सांगावा धाडला, तं बापाला अंधारात पन त्या घरी जाता आलं पायजे. तेवढ्यासाठी जायचं अस्तं."

मी भात वाढायला वाकले होते, तशीच बसले. भाऊंच्या आवाजात हट्ट नव्हता. भीती होती. मला एवढी वर्षं ती कशी दिसली नाही कोण जाणे.

मग परत टाकी, परत सतरंजी. ह्या वेळी मुलगा त्यांच्या शहराच्या स्टेशनात उभा, एका हातात फोन, एका हातात छत्री, बाजूला आमची पोर. बारीक थंड पाऊस. भाऊ हुकूम देत होते, "हळू चाल रे. खूण सांग." स्टेशनातून बाहेर आलं की डाव्या हाताला फुलांचं दुकान. मग पूल. पुलावरून उतरलं की खिडकीत एक कुत्रा.

"कुत्रा नको," भाऊ म्हणाले. "कुत्रा उठून गेला तं मी काय करू? दुसरी खूण दे."

मुलाने इकडे तिकडे बघून एक लाल दार दाखवलं. भाऊंनी विचारलं, रंग बदलतात का ही माणसं? तो जाऊन त्या घराची बेल वाजवून विचारून आला! रंग बदलणार नाहीत म्हणे. भाऊंनी लाल दार पक्कं केलं. पुढच्या चौकात मुलगा थांबला.

"का थांबला?"

"सिग्नल लाल आहे, भाऊ."

"गाडी कुटंय?"

"नाही कुठे."

"मानूस?"

"माणूसही नाही."

"मग हा कुनासाठी थांबलाय?"

पावसात मुलगा तसाच उभा, रिकाम्या रस्त्याकडे बघत. वन्सं म्हणाल्या, "येडा हाय गो." भाऊ स्क्रीनवर अगदी वाकले. मग म्हणाले, "असू दे. शाने आपल्यात पुष्कळ झाले." हा होकार होता. पोर तिकडे भर रस्त्यात रडायला लागली, मुलाने विचारलं काय झालं, आणि तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला तर तो तिला हाताला धरून आधी पलीकडे घेऊन गेला.

लग्न गावातच झालं. मुलाचे आईवडील आले आणि रीत म्हणून त्यांनीही आमचं घर बघितलं. विहीणबाई अंगणात उभ्या राहिल्या आणि विचारलं, हे सगळं तुमचं? अंगण, आंबे, मागची शेतं? मी म्हटलं, हो. आणि एवढं ऊन फुकट? दुपारी गरम भात, भाजी, सुकटीची चटणी आणि वाढायला सात बाया बघून त्यांनी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीने मला नंतर सांगितलं, सासूबाई म्हणत होत्या की एवढ्या श्रीमंताघरची मुलगी आपल्या छोट्या घरात कशी राहणार. व्याह्यांना पाण्यात रस. ते टाकी बघायला गेले आणि तिच्या बांधकामाचं कौतुक केलं. धरणवाल्यांनी त्यांना कोरड्या नळाची तोटी फिरवून दाखवली, दोघांनी एकमेकांशी हात मिळवले, आणि कोणाला काय कळलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पोर गेली. भाऊंनी वाट पाठ करून ठेवली होती. ओटीवर बसून कोणालाही सांगायचे. "टेशनातनं निघाला की डाव्या हाताला फुलवाली, मग पूल, मग लाल दार, मग शिग्नल, तिथं थांबायचं, कोनी नसलं तरी." गावातल्या अर्ध्या लोकांना आता ते घर सापडेल.

मागच्या हिवाळ्यात एकदा दुपारी मी आणि भाऊ टाकीखाली होतो आणि तिचा फोन आला. आवाज बसलेला. ताप आहे, म्हणाली. नवरा कामासाठी परगावी. बाहेर ढगांनी अंधारून आलंय. डॉक्टरला फोन केला, ते म्हणाले आराम करा. शेजारी? शेजारी असे येत नाहीत आई, त्यांना आधी सांगावं लागतं. मग म्हणाली, काही नाही, आणि रडायलाच लागली. तेवढ्यात फोन कट झाला. मी हलवला, वर धरला, खांबाला लावला. लागेना. वळून बघते तर भाऊ नाहीत.

घरी गेले. भाऊंनी टोपी घातली होती, स्वच्छ धोतर नेसलं होतं. पिशवीत पेजेचे तांदूळ भरत होते.

"कुठे निघालात?"

"पोरीकडं."

"भाऊ, विमान लागतं. पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो. हे काय मुरबाडला जाणं आहे?"

"वाट म्हाईत हाय मला," म्हणाले आणि नाक्यावरून जीप पकडून गेले. मला वाटलं, जरा हवा लागेल, शहाणपण येईल, परत येतील. मी पुन्हा टाकीखाली जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने फोन वाजला तो भाऊंचा. मागे एसटीचे हॉर्न.

"मास्तरीणबाई, मी मुरबाडच्या ष्टँडावर हाय. हितनं तिच्या टेशनाची गाडी कंची?"

"भाऊ, तशी गाडी नसते."

"तिच्या टेशनापास्नं मला समदं येतंय," भाऊ म्हणाले. "मदलं कोनी दाकवलंच नाय."

मी म्हटलं, तिथेच बसा, हलू नका, मी येते. फोन ठेवते तोच पोरीचा आला. "आई, भाऊंना नको हं सांगू, उगाच काळजी करतील."

"ते निघाले," मी म्हटलं.

"कुठे?"

"तुझ्याकडे. पेजेचे तांदूळ घेऊन."

मला वाटलं ती हसेल. हसावी म्हणूनच मी सांगितलं होतं. तिने नुसतं नाक ओढलं आणि विचारलं, "कुठवर आले?"

"मुरबाडला पोचले."

"बरं," ती म्हणाली. "मग उठते मी. भात टाकते."